कुठल्या मशिनवर?

माझ्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात कुठल्याही प्रश्नाला सरळ उत्तर दिलेलं नाही. माणूस लबाड नाही. उलट इतका सरळ आहे की त्या सरळपणापायी घरच्यांची अनेकदा पंचाईत झालेली आहे. पण त्यांना काहीही सांगा, काहीही विचारा, आधी त्यांचा प्रश्न ठरलेला: "कुठल्या मशिनवर?" डॉक्टरांनी रक्तातली साखर वाढल्याचं सांगितलं, तेव्हा गृहस्थांनी औषध विचारण्याआधी तपासणीचं यंत्र कुठलं ते विचारलं आणि त्याच दिवशी पालघर नि बोईसर अशा दोन ठिकाणी जाऊन पुन्हा बोटं टोचून घेतली. साखर तिन्हीकडे वाढलेलीच निघाली, पण तिन्ही आकडे वेगळे होते याचंच त्यांना समाधान. मुलीला स्थळ आलं, पत्रिकेत अठ्ठावीस गुण जुळतात असं मुलाकडच्यांनी कौतुकाने सांगितलं, तर हे गंभीरपणे म्हणाले, "कुठल्या पंचांगावर?" सुदैवाने मुलाच्या वडिलांना हा प्रश्न विद्वत्तेचा वाटला आणि लग्न जमलं. उमरोळी स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्या बाया तर त्यांना लांबून पाहिलं की आपणहून वजनकाटा त्यांच्याकडे वळवून ठेवतात.

ही खोड त्यांना कामातून जडली. कऱ्हाडकडचा हा माणूस तरुणपणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत इन्स्ट्रुमेंट फिटर म्हणून आला, उमरोळीला घर बांधून इथलाच झाला. कारखान्यातले मीटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटर शिकला आणि निवृत्तीच्या कितीतरी आधी जगभर विखुरलेल्या काही स्वयंसेवकांच्या गटात सामील झाला. हे लोक लिनक्स या फुकट मिळणाऱ्या कॉम्प्युटर-प्रणालीसाठी एक लायब्ररी सांभाळतात. लायब्ररी म्हटल्यावर मला साहजिकच कपाटं आणि पुस्तकं दिसली होती. पण ही म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरायचा एक तयार प्रोग्राम. हे लोक कोण, कुठले आणि यांना पगार कोण देतं, असं ताईने, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, मला अनेकदा विचारलं आहे. पगार कुणीच देत नाही हे कळल्यावर तिने तो विषय सोडून दिला.

मी पालघरच्या शाळेतला मराठीचा मास्तर. साडूंचं काम कळायला मला दोन मे महिने लागले, ते तुम्हाला थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटरच्या आत एक रोजनामचा असतो. कोणी कुठली फाईल उघडली, कोणी बदलली, कोणी पुसली, सगळं त्यात आपोआप लिहिलं जातं, म्हणजे पुढे कधी तपास करायची वेळ आली तर पुरावा राहतो. गंमत अशी की यंत्र कामाचं नाव लिहीत नाही, नुसता नंबर लिहितं. उघडण्याचा एक नंबर, पुसण्याचा दुसरा. आणि प्रोसेसरच्या प्रत्येक घराण्याचे हे नंबर वेगळे. 'घराणं' हा शब्द साडूंचाच. मोबाईलमध्ये असतो तो प्रोसेसर एका घराण्याचा, ऑफिसच्या टेबलावरचा दुसऱ्या, मोठ्या मशिनींतला आणखी तिसऱ्या. तोच आकडा एका घराण्यात एक काम सांगतो, दुसऱ्यात भलतंच. म्हणून प्रत्येक घराण्याचं एक कोष्टक लागतं, आणि रोजनामच्यातला नंबर घेऊन त्या त्या कोष्टकातून कामाचं खरं नाव काढून देणं, नाहीतर नावावरून नंबर काढून देणं, हे त्या लायब्ररीचं काम. साडू ती कोष्टकं जपत. नवीन लिनक्स आलं की नवीन नंबर येत, आणि एका ओळीची चूक झाली की जगात कुठेतरी कोणावर तरी भलताच आळ यायचा. हे ते पहिल्यापासून म्हणत. मला ती अतिशयोक्ती वाटायची.

लोकांच्या शोकेसमध्ये चिनी मातीच्या बाहुल्या असतात, साडूंच्या शोकेसमध्ये प्रोसेसर होते. बोईसरच्या भंगारवाल्याकडून आणलेलं एक अवजड मशीन खालच्या कप्प्यात, त्याचं नाव ट्रंक. त्याच्यावर जुना डेस्कटॉप, त्याचं नाव डबा. सगळ्यात वर, काचेच्या पेल्यांना हटवून बसवलेलं, पत्त्याएवढं एक छोटं हिरवं यंत्र, त्याला ते पाटी म्हणत. मधल्या कप्प्यात आणखी दोनचार घराण्यांचे नमुने होते, ज्यांची नावं मला कधी पाठ झाली नाहीत. दर दसऱ्याला या सगळ्यांना झेंडूची फुलं वाहिली जात आणि ट्रंकेला हार. एकदा गटातल्या कोणी परदेशी माणसाने एका जुन्या घराण्याचं कोष्टक काढून टाकू या, आता ते वापरतं कोण, असं सुचवलं. साडूंनी काही वाद घातला नाही. फुलं वाहिलेल्या शोकेसचा फोटो काढून पाठवला. ते कोष्टक अजून आहे.

पण त्यांची खरी दहशत होती ती वाचनाची. कोष्टक बदललं की ते छापून काढत आणि दोघांनी मिळून वाचल्याशिवाय पुढे पाठवत नसत. एकाने नंबर वाचायचा, थांबायचं. दुसऱ्याने आपल्या हातातल्या कागदात बघून काम सांगायचं. एकट्याने वाचलं की डोळे आपल्याला हवं तेच वाचतात, असं त्यांचं म्हणणं, आणि पान एकदा सुरू केलं की संपेपर्यंत उठायचं नाही, हा नियम. त्यामुळे त्यांच्या घरी येणाऱ्या माणसाला चहा मिळायचा तो एक पान वाचल्यावर. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने वाचलं आहे, ताईच्या भजनी मंडळातल्या बायकांनी एका सुरात वाचलं आहे, विम्याचा एजंट तर एकदा वाचून जो गेला तो परत आला नाही. मी मराठीचा मास्तर असल्याने माझे उच्चार स्वच्छ, म्हणून सुट्टीतले माझे रविवार त्यांच्या हक्काचे होते. "एकशे एक," मी म्हणायचो, आणि ते डोळे बारीक करून म्हणायचे, "पाटीवर? झोप." प्रोग्राम क्षणभर थांबतो त्याला ते झोप म्हणत. आणखी एक सवय म्हणजे, प्रोग्राम कितीही लहान असो, त्याच्या अगदी वर मधोमध ते 'श्री' लिहीत, आणि त्याने छापलेल्या पानावरही तो उमटे.

एवढ्या वर्षांत वाचन एकदाच टळलं, आणि ते माझ्यामुळे. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याचा दिवस होता. साडूंच्या जुन्या कारखान्यातला एक सहकारी, जो पुढे वसाहतीतल्या कंपन्यांचे कॉम्प्युटर सांभाळण्याचं कंत्राट घेऊ लागला होता, तोही जेवायला आला होता. फाईल कोणी पुसली याची नोंद ठेवणारं काहीतरी छोटंसं द्या, अशी गळ त्याने साडूंना घातली. साडूंनी पाटीवर स्वतःच्या उपयोगासाठी असा एक प्रोग्राम केलेला होता. तो पेनड्राइव्हवर काढताना ते म्हणाले, "मास्तर, दोन मिनिटं. एवढं वाचून घेऊ." बाहेर पंगत खोळंबली होती, व्याही हात धुऊन उभे होते. मी म्हणालो, "अहो, आज राहू द्या." ते जरा घुटमळले. मग त्यांनी पेनड्राइव्ह देऊन टाकला आणि आम्ही श्रीखंड वाढायला गेलो.

या गोष्टीला पुढे तीन वर्षं झाली. मागच्या श्रावणात एका दुपारी विमल माझ्याकडे आली. विमल माझी विद्यार्थिनी. घर डोंगराकडचं, पावसावर पिकणारं थोडंसं भात, आणि दिवाळी झाली की सगळं कुटुंब वीटभट्टीवर. दहावीच्या वर्षी भट्टीवर जाऊ नये म्हणून मी तिच्या बापाशी भांडलो होतो. पोरगी शिकली, वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागली, कुंभवलीला खोली घेऊन राहिली, आणि तिच्या पगारावर घरच्यांचं भट्टीवर जाणं थांबलं. तिने माझ्यासमोर एक पाकीट ठेवलं. औषधाच्या एका बॅचच्या तपासणीच्या नोंदी कॉम्प्युटरमधून नाहीशा झाल्या होत्या आणि त्या विमलने मुद्दाम पुसल्या असं कंपनीचं म्हणणं होतं. नोकरीवरून का काढू नये, याचं उत्तर आठ दिवसांत मागितलं होतं. सोबत पुरावा म्हणून कॉम्प्युटरच्या रोजनामच्याची छापील पानं होती, आणि प्रत्येक ओळीवर तिचं नाव आणि पुढे 'फाईल पुसली', 'फाईल पुसली', असं पानंच्या पानं.

ती रडत नव्हती. ती म्हणाली, "सर, मी कायच पुसलं नाय. पण कागद बोलतो हाय ना. कागदापुढं आमचं कोण ऐकल?"

मी तिला घेऊन उमरोळीला गेलो. जाताना मला, खरं सांगतो, थोडा अभिमानच वाटत होता, की या कामाचा जाणकार आपल्या घरात आहे. साडूंनी सगळं ऐकून घेतलं आणि अपेक्षेप्रमाणे विचारलं, "कुठल्या मशिनवर?" विमल म्हणाली, टेबलावरचा साधा कॉम्प्युटर, वजनकाट्याला जोडलेला. मग त्यांनी पानं हातात घेतली, भिंगातून वेळा पाहिल्या. बराच वेळ पाहून म्हणाले, "ही सेकंदासेकंदाला पुसते आहे. पुसणारा माणूस एकदा पुसतो आणि निघून जातो." विमलच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा उजेड आला. साडूंनी पानं चाळून पहिलं पान वर घेतलं आणि तिथेच त्यांचा हात थांबला. पानाच्या अगदी वर, मधोमध, 'श्री' छापलेला होता.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. शोकेस उघडून पाटी बाहेर काढली, डब्याचं कोष्टक माझ्या हातात दिलं, पाटीचं स्वतः घेतलं आणि मला म्हणाले, "वाचा मास्तर." मी पहिल्यापासून वाचायला लागलो. पस्तीसला आलो तेव्हा माझ्या कागदावर डब्याची झोप होती. ते म्हणाले, "पाटीवर पुसणे." तो साखरपुड्याच्या दिवशीचा प्रोग्राम होता. लायब्ररीला नाव आणि घराणं सांगायचं, नंबर तिचा तिला काढू द्यायचा, हे जगाला बजावणाऱ्या माणसाने स्वतःच्या पाटीपुरतं म्हणून नुसतं पस्तीस लिहिलं होतं आणि पुढे 'फाईल पुसली' असं छापायला सांगितलं होतं. कंत्राटदाराने तो आधी पाटीसारख्याच छोट्या यंत्रांवर चालवला, तिथे सगळं ठीक होतं. मग त्याने तोच त्या प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटरवर चढवला. तिथला वजनाचा प्रोग्राम दोन वजनांच्या मध्ये सेकंदभर झोपायचा, आणि तो दर वेळी झोपला की विमलच्या नावावर पुसल्याची नोंद पडायची. त्या नोंदी इतक्या साचल्या की डिस्क भरली, आणि खऱ्या तपासणीच्या नोंदींना जागाच उरली नाही. त्या पुसल्या गेल्याच नव्हत्या, मुळात लिहिल्याच गेल्या नव्हत्या. हे सगळं साडूंनी विमलला अगदी सावकाश, तिला समजेल असं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "पोरी, हे मी केलं आहे."

मला तेव्हा बोलायला हवं होतं. ते वाचन मी टाळायला लावलं होतं. मी खिडकीबाहेर बघत बसलो, आणि ताईने चहा आणला तो कोणीच घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी साडूंनी कंत्राटदाराला सगळं सांगितलं. तो घाबरला. सिस्टिमची चूक एवढंच बोलू या, नाव कशाला घ्यायचं, तुमची एवढ्या वर्षांची अब्रू आहे, असं तो फोनवर पुन्हा पुन्हा म्हणत होता. मलाही आतून ते पटलं होतं, आणि मी तसं सुचवूनही पाहिलं. साडू म्हणाले, "मास्तर, सिस्टिमची चूक म्हटलं की चूक कोणाचीच राहत नाही. मग ती पोरीवरच राहते."

चौकशीच्या दिवशी ते पांढरा सदरा घालून, पाटी टॉवेलात गुंडाळून, दोन्ही कोष्टकं घेऊन निघाले. मी स्कूटरवर मागे बसलो. गेटवरच्या वॉचमनने टॉवेल उघडायला लावला आणि विचारलं, "चाचा, ये क्या है?" साडू म्हणाले, "गवाह है." आत तीन साहेब होते. साडूंनी प्रस्तावना केली नाही. मोठ्या साहेबांच्या हातात एक कागद दिला, कामगार अधिकाऱ्यांच्या हातात दुसरा, आणि एकाने नंबर वाचावा, दुसऱ्याने थांबून काम सांगावं, असं शाळेत सांगावं तसं सांगितलं. मला वाटलं आता आम्हाला हाकलतील. पण त्या माणसाच्या आवाजात असं काहीतरी होतं की ते दोघे मोठे लोक एकापाठोपाठ नंबर वाचायला लागले. तेवीस, चोवीस, पंचवीस. दर ओळीला उत्तर वेगळं. मध्येच धाकटे साहेब म्हणाले, मुद्द्यावर या. साडू म्हणाले, सुरू केलेलं पान पुरं करावं लागतं. पस्तीस आलं. एकाने झोप वाचलं, दुसऱ्याने पुसणे. विमल दाराजवळ उभी होती, तिने डोळे मिटून घेतले.

मग साडू उभे राहिले. "हा नंबर मी लिहिला आहे," ते म्हणाले. "कुठल्या मशिनवर चालणार, हे मी विचारलं नाही. या मुलीने काही पुसलेलं नाही. हवं तर माझ्या सहीने लिहून देतो." आणि त्यांनी लिहून दिलं, वर मधोमध श्री काढून. तेव्हा कुठे मलाही तोंड उघडायची हिंमत झाली आणि साखरपुड्याच्या पंगतीची हकीकत मी सांगून टाकली. ती चौकशीच्या कामाची नव्हती, पण मोठ्या साहेबांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. चार दिवसांनी विमलचं पत्र मागे घेतलं गेलं आणि ती कामावर रुजू झाली. साडूंचे आभार कोणी मानले नाहीत. कंत्राटदार त्यानंतर उमरोळीला आलेला नाही.

साडूंनी गटालाही सगळं कळवलं, आणि नुसता नंबर लिहून घराणं न सांगणाऱ्या माणसाला लायब्ररीने तिथल्या तिथे टोकावं, अशी एक छोटी दुरुस्ती पाठवली. ती स्वीकारली गेली. पण माणूस खचला. 'कुठल्या मशिनवर?' हा प्रश्न एकदम बंद झाला. ताई मुद्दाम म्हणायची, आज दूध साडेसहाला तापलं, तर नुसतं हं म्हणायचे. भाजीवाल्या बाईने काटा वळवून दाखवला तर न बघता पिशवी पुढे करायचे. ताईने मला फोन करून सांगितलं की हे असं मला सोसत नाही, तुम्ही काहीतरी करा. त्यातच साखरेने डोळ्यांवर परिणाम केला आणि बारीक अक्षर दिसेनासं झालं. नवीन कोष्टक आलं होतं, ते तसंच छापून पडलं होतं. मी जाऊन म्हटलं, वाचू या. ते म्हणाले, "नको. माझ्या शब्दावर आता काही पाठवू नये."

मग एका रविवारी विमल करटोल्यांची पिशवी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. मी तिथेच होतो. तिने पिशवी ताईकडे दिली, शोकेससमोर मांडी घातली आणि छापलेले कागद पुढे ओढले. म्हणाली, "काका, मी वाचते. तुमी सांगा." साडू म्हणाले की त्यांना दिसत नाही. ती म्हणाली, "तुमाला बघायचं कशाला, पाठ हाय ना? मी दोनी कागद बघते." तिने पहिला नंबर वाचला आणि थांबली. एवढी थांबली की शेवटी मलाच अवघडल्यासारखं झालं. मग साडूंनी खुर्चीत जरा सरळ होऊन विचारलं, "कुठल्या मशिनवर?" स्वयंपाकघरात ताईच्या हातातली करटोली तशीच राहिली.

तेव्हापासून विमल सुट्टीच्या रविवारी येते. कुंभवलीहून बोईसर, तिथून उमरोळी. तिला त्यातली बरीच नावं आता तोंडपाठ आहेत, आणि गटाला जाणाऱ्या पत्राखाली साडूंच्या नावापुढे 'वाचन' म्हणून तिचंही नाव असतं. साडू मात्र थकत चालले आहेत. दोन पानं झाली की आवाज बारीक होतो, तिसऱ्या पानाला उत्तर उशिरा येतं. ती घाई करत नाही.

गेल्या रविवारी मी दुपारी गेलो तेव्हा दार लोटलेलं होतं. ताईने ओठांवर बोट ठेवून मला खूण केली. साडू खुर्चीत मान एका बाजूला टाकून झोपी गेले होते. शोकेससमोर विमल मांडी घालून बसली होती, आणि पान निम्म्यावर आलेलं होतं. ती अगदी हळू आवाजात नंबर वाचायची, त्यांच्याकडे बघून नेहमीइतकंच थांबायची, आणि मग उत्तरही तीच द्यायची. मी चप्पल हातात घेऊन उंबऱ्याशीच उभा राहिलो. पान संपेपर्यंत ती उठली नाही.